प्रौढ वयांत शास्त्राध्ययन : मेंडेलचें उदाहरण व आपले शेतकरी तरुण

विद्या ही बाळपणींच संपादन करावयाची वस्तु असून एकदां संसाराचा व शेतीचा भार अंगावर पडला म्हणजे मनुष्यानें पाटीदप्तराचा विचार मनांतून काढून टाकावा, अशी समजूत आपल्या शेतकरी वर्गांत फार दृढ आहे. तिला कारणेंही तशींच आहेत. वडील आजारी पडतात, एखादें दुष्काळी वर्ष येतें, भाऊबंदांत वांटणी होते, आणि शाळेंत बरा चाललेला मुलगा पंधरासोळाव्या वर्षीं शेतावर जाऊं लागतो. पुढें आठदहा वर्षांनीं घडी बसते. परंतु त्याच सुमारास त्या मुलाच्या मनांत पूर्वीं कधीं नव्हते असे प्रश्न उभे राहूं लागतात. एकाच वाफ्यांतील दोन झाडांत इतका फरक कां? गेल्या सालीं उत्तम पिकलेलें बीं घरीं राखून पेरलें, तें यंदां उंच-ठेंगणें कां उगवलें? चुनखडीच्या जमिनींत पानें पिवळीं कां पडतात? शाळेंत असतांना जें शास्त्र केवळ परीक्षेपुरतें पाठ केलें होतें तेंच आतां मनापासून हवेंसें वाटतें. पण पंचविशींतील माणसानें पुनः पुस्तक हातीं धरिलें तर लोक हंसतील व घरचे रागावतील, या भयानें तो गप्प बसतो.

अशा तरुणाकरितां, आणि विशेषतः त्याच्या घरांतील वडील माणसांकरितां, हा लेख लिहिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, प्रौढ वयांत शास्त्राकडे परत वळणाऱ्या माणसाजवळ शाळकरी मुलाजवळ नसणारें एक भांडवल असतें. तें म्हणजे स्वतःच्या अनुभवांतून उत्पन्न झालेला प्रश्न. उणीव असते ती पद्धतीची; आणि पद्धति ही शिष्यत्व पत्करल्यावांचून सहसा हातीं येत नाहीं. ही गोष्ट ग्रेगोर मेंडेल या शेतकऱ्याच्या मुलाच्या चरित्रावरून दाखविण्याचें योजिलें आहे. आज आपण बाजारांतून जें संकरित बियाणें आणतों त्यामागील नियम प्रथम त्यानेंच मोजून दाखविले. आणि तेही वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं पुनः विद्यार्थी होऊन परत आल्यानंतर.

शेतकऱ्याच्या घरचा विद्यार्थी

मेंडेलचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यांत, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील हाइनत्सेनडॉर्फ नांवाच्या खेड्यांत झाला. हें गांव आज चेक प्रजासत्ताकांत असून त्यास हिंचित्से म्हणतात. त्याचें मूळचें नांव योहान. ग्रेगोर हें नांव पुढें मठांत गेल्यावर मिळालें. बाप आंटोन हा स्वतःची जमीन कसणारा शेतकरी होता; तथापि आठवड्यांतील तीन दिवस त्यास जमीनदाराकडे वेठीनें राबावें लागे. आई माळीकाम करणाऱ्या घराण्यांतील होती. गांवच्या शाळेंत लिहिण्यावाचण्याबरोबर फळझाडें लावण्याचें शिक्षणही मिळत असे, आणि बापाच्या बागेंतील कलमें पाहतच हा मुलगा वाढला.

मुलगा हुशार म्हणून त्यास परगांवच्या शाळेंत पाठविलें, परंतु त्याच्या पोटापुरता खर्चही घरून पुरवितां येईना. १८३८ सालीं वेठीच्या कामावर असतां लांकडाचा ओंडका अंगावर येऊन बाप जायबंदी झाला. तेव्हांपासून मेंडेल दुसऱ्या मुलांच्या शिकवण्या करून आपलें शिक्षण चालवूं लागला. त्यांतच आजारानें शिक्षणांत खंड पडला. १८४१ सालीं शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या हवालीं करण्यांत आलें. ह्या प्रसंगीं टेरेझिया नांवाच्या त्याच्या धाकट्या बहिणीनें आपल्या हुंड्यासाठीं राखलेल्या रकमेंतील कांहीं भाग भावाच्या शिक्षणासाठीं सोडून दिला. पुढें मेंडेलनें तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणास मदत करून हें ऋण फेडिलें. घरांतील एका तरुणाच्या विद्येसाठीं दुसऱ्यानें काय सोडावयाचें हा प्रश्न आपल्याच घरांत उत्पन्न होतो असें समजण्याचें कारण नाहीं.

१८४३ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, मेंडेल ब्रनो शहरांतील सेंट टॉमस मठांत दाखल झाला. पोटापाण्याच्या रोजच्या विवंचनेंतून सुटका व्हावी हा त्यांतील एक हेतु होता, असें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. हा मठ विद्येचें माहेरघर होता. मठाधिपति सिरिल नाप हे त्या प्रांतांतील शेतकी मंडळाचे मोठे कार्यकर्ते होते. ब्रनो ही लोंकरीची पेठ असल्यामुळें चांगल्या लोंकरीच्या मेंढ्यांची पैदास कशी करावी याची चर्चा तेथें सतत चाले. आणि आईबापांपासून संततींत काय उतरतें व कसें उतरतें हाच खरा प्रश्न आहे, असें नाप यांनीं १८३७ च्या सुमारासच मंडळापुढें मांडिलें होतें. म्हणजे मेंडेलनें जो प्रश्न पुढें सोडविला तो मुळांत शेतकऱ्यांच्या व धनगरांच्या व्यवहारांतील प्रश्न होता. ब्रनो येथें असतां १८४६ सालीं मेंडेलनें शेती व फळबागाइत या विषयांवरील व्याख्यानेंही ऐकिलीं.

नापास झालेला शिक्षक

धर्मोपदेशकाचें काम मेंडेलच्या प्रकृतीस मानवेना. रोग्यांची व मरणोन्मुख माणसांची अवस्था पाहून तो स्वतःच आजारी पडे. म्हणून १८४९ सालीं नाप यांनीं त्यास झ्नोइमो येथील शाळेंत बदली शिक्षक म्हणून धाडिलें. शिकविण्याचें काम त्यास उत्तम साधलें. परंतु कायम शिक्षक होण्यास सरकारी परीक्षा द्यावी लागे, आणि १८५० सालीं त्या परीक्षेंत मेंडेल नापास झाला.

नापास होण्याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. सृष्टिशास्त्राचें बरेंचसें ज्ञान त्यानें स्वतःच पुस्तकें वाचून मिळविलेलें होतें. त्यांत हौस होती व बुद्धीही होती. परंतु विषयाची शिस्तवार बैठक नव्हती. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणासंबंधींच्या प्रश्नाचें त्याचें उत्तर परीक्षकांस मुळींच पटलें नाहीं. आपल्यापैकीं जे तरुण केवळ स्वयंस्फूर्तीनें चार पुस्तकें वाचतात, अथवा हल्लींच्या काळांत मोबाइलवर मिळतील तीं व्याख्यानें ऐकतात, त्यांची स्थिति बहुधा अशीच असते. माहिती पुष्कळ असते, पण ती एकमेकींस जोडलेली नसते. आणि आपणांस काय येत नाहीं हें सांगणारा कोणी नसतो.

ह्या प्रसंगीं परीक्षक मंडळांतील बाउमगार्टनर नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें, ह्या माणसास विद्यापीठांत पाठवावें, असा सल्ला दिला. नाप यांनीं तो मानिला व मठाच्या खर्चानें मेंडेलला व्हिएन्ना येथें पाठविलें. १८५१ च्या ऑक्टोबरांत मेंडेल विद्यापीठांत जाऊन बसला, तेव्हां त्याला एकोणतिसावें वर्ष लागून गेलें होतें व मठांत येऊन आठ वर्षें झालीं होतीं. नापास झालेल्या माणसावर पुनः खर्च करण्यास जें मन लागतें तें नाप यांच्यापाशीं होतें. घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

विद्यापीठानें काय दिलें

मेंडेल व्हिएन्ना येथें १८५३ च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे उणींपुरीं दोन वर्षें होता. त्या वेळीं त्याच्या शिक्षकांत तीन नांवें मुख्य होतीं. क्रिस्टियन डॉप्लर ह्याच्याकडे त्यानें पदार्थविज्ञानांतील प्रयोग कसा मांडावा हें पाहिलें. डॉप्लरच्या मागून आलेला एटिंग्सहाउझेन हा गणिती असून निरनिराळ्या वस्तूंच्या जोड्या किती प्रकारें पडूं शकतात या विषयावर त्याचा ग्रंथ होता. फ्रान्त्स उंगर ह्याच्याकडे वनस्पतींचें शरीर, पेशी व बीजधारणा यांचें ज्ञान मिळालें. गुणांच्या जोड्या मोजण्याची कल्पना वनस्पतिशास्त्राच्या एकट्या पुस्तकांत सांपडण्यासारखी नव्हती. ती शेजारच्या वर्गांत, गणित व पदार्थविज्ञान शिकतांना मिळाली. शेतकऱ्याच्या मुलास गणित काय करावयाचें, असें म्हणणारांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा.

ह्याच काळांत मेंडेलचे जे पहिले दोन छोटे लेख प्रसिद्ध झाले ते पिकांवरील किडींसंबंधीं होते. एक १८५३ सालीं, मुळ्यावर पडणाऱ्या पतंगाच्या अळीविषयीं. व दुसरा १८५४ सालीं, वाटाण्याच्या दाण्यांत शिरणाऱ्या भुंग्याविषयीं. विद्यापीठांत जाऊन तो शेतापासून दूर गेला नव्हता, हें त्यावरून स्पष्ट होतें.

परत आल्यावर त्यास ब्रनो येथील शाळेंत पुनः बदली शिक्षकाचेंच काम मिळालें. १८५६ सालीं त्यानें परीक्षेचा दुसऱ्यानें प्रयत्न केला, तोही फसला. व १८६८ सालीं मठाधिपति होईपर्यंत तो बदली शिक्षकच राहिला. प्रमाणपत्र त्यास कधींच मिळालें नाहीं. तथापि ज्या वर्षीं हा दुसरा प्रयत्न फसला त्याच १८५६ सालीं मठाच्या बागेंतील एका लहानशा पट्टींत त्यानें वाटाण्याचे संकर करण्यास आरंभ केला.

मोजण्याचें फळ

मेंडेलपूर्वीं कोणीं वाटाण्याचे संकर केलेच नव्हते असें नाहीं. इंग्लंडांतील टॉमस नाइट व जॉन गॉस या बागाइतदारांनीं ते केले होते, आणि पहिल्या पिढींत लोपलेला रंग पुढील पिढींत परत दिसतो हें गॉसच्या दृष्टीसही पडलें होतें. परंतु किती दाण्यांत किती, हें कोणीं मोजून त्यांतील नियम शोधिला नाहीं. डोळा उत्तम असून हिशेब नसला म्हणजे काय होतें याचें हें ठळक उदाहरण आहे.

मेंडेलनें प्रथम बियाणें विकणारांकडून वाटाण्याच्या ३४ जाती आणून दोन वर्षें पेरून पाहिल्या, व ज्यांची संतति आपल्यासारखीच निपजते अशा २२ जाती पुढील कामासाठीं राखिल्या. त्यांतून सहज ओळखतां येतील असे सात गुण निवडिले : दाणा गोल कीं सुरकुतलेला, दाण्याचा गर पिवळा कीं हिरवा, झाड उंच कीं ठेंगणें, इत्यादि. वाटाण्याचें फूल मिटलेलें असतांच आपल्याच परागानें फळतें. म्हणून कळी उमलण्यापूर्वीं उघडून तिच्यांतील पुंकेसर चिमट्यानें काढावे लागत व मग दुसऱ्या जातीचा पराग आणून लावावा लागे. हें काम त्यानें १८६३ पर्यंत चालविलें, व त्यांत सुमारें २८,००० झाडें त्याच्या हाताखालून गेलीं.

गोल व सुरकुतलेल्या जातींचा संकर केला असतां पहिल्या पिढींतील सर्व दाणे गोल निघाले. ते दाणे पेरून आलेल्या २५३ झाडांवर एकंदर ७,३२४ दाणे मिळाले. त्यांपैकीं ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे सुमारें तिनास एक. रंगाच्या प्रयोगांत ८,०२३ दाण्यांपैकीं ६,०२२ पिवळे व २,००१ हिरवे निघाले. येथेंही तिनास एक. उंचीच्या प्रयोगांत १,०६४ झाडांपैकीं ७८७ उंच व २७७ ठेंगणीं भरलीं.

हें प्रमाण येतें कसें, तें दोन नाणीं घेऊन समजून घेतां येईल. प्रत्येक झाडांत एका गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडील व एक बापाकडील. संकरित झाडांत एक अंश गोलाचा व एक सुरकुतीचा असतो, परंतु गोलाचा अंश वरचढ असल्यामुळें दाणा गोल दिसतो. पुढील बीं धरतांना हे अंश वेगळे होतात व प्रत्येक बाजूनें कोणता तरी एकच पुढें जातो. दोन नाणीं एकदम उडविलीं तर दोन्हींवर कांटा पडण्याचा योग चारांत एकदां येतो. त्याचप्रमाणें दोन्हींकडून सुरकुतीचाच अंश येण्याचा योग चारांत एक. बाकीचे तीन गोल दिसतात. सुरकुत्या पडण्याचें कारण १९९० सालीं शास्त्रज्ञांनीं उकलून दाखविलें. अशा दाण्यांत पिठूळ द्रव्य तयार करणारें एक पाचक द्रव्य बिघडलेलें असतें. त्यामुळें साखर अधिक राहते, दाणा पाणी अधिक धरतो, व वाळतांना आकसतो. हिरव्या भाजीचा गोड वाटाणा सुकल्यावर सुरकुततो तो ह्याच कारणानें.

आतां एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मेंडेलनें स्वतःच नमूद केलें आहे कीं, एका झाडावर ४३ गोल व केवळ २ सुरकुतलेले दाणे निघाले, तर दुसऱ्या झाडावर १४ गोल व १५ सुरकुतलेले. ह्यांपैकीं एकच झाड पाहून जो निर्णय करील तो फसेल. ७,००० दाणे मोजल्यावर मात्र नियम आपोआप उघडा पडतो. आपण एखाद्या खताची अथवा वाणाची परीक्षा एका वाफ्यावरून, एका हंगामांत, नजरेच्या अंदाजानें करितों आणि गांवभर सांगत सुटतों. त्या परीक्षेची किंमत काय, हें ह्या दोन झाडांवरून समजावें.

आपल्या बियाण्याशीं संबंध

हे नियम मेंडेलनें १८६५ सालीं ८ फेब्रुवारी व ८ मार्च या दोन दिवशीं ब्रनो येथील सृष्टिशास्त्र मंडळापुढें वाचून दाखविले व १८६६ सालीं ते छापून निघाले. त्यांची महती त्या वेळीं कोणास कळली नाहीं. १८८४ सालीं मेंडेल वारला, आणि १९०० सालीं डी व्ह्रीज, कोरेन्स व चेर्माक यांच्या संशोधनामुळें त्याचें काम पुनः उजेडांत आलें. त्यानंतर सर्व जगांत पीकसुधारणेचें शास्त्र ह्या पायावर उभें राहिलें. आपल्या देशांत १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी व १९७० सालीं सुरत येथें तयार झालेली एच-४ ही संकरित कपाशी शेतकऱ्यांच्या हातीं आली, ती ह्याच विद्येचें फळ होय.

ह्या विद्येचा रोकड उपयोग पाहा. संकरित बियाण्याचें पीक एकसारखें व जोमदार येतें, परंतु त्याचेंच बीं राखून पेरलें असतां पीक बिघडतें. पुष्कळ लोक यांत विक्रेत्यांची कांहीं तरी लबाडी असावी असें समजतात. वस्तुतः हा मेंडेलचा नियमच आहे. एका गुणाच्या बाबतींत दुसऱ्या पिढीची निम्मी झाडेंच मूळ संकरासारखी मिश्र राहतात. ज्यांत आईबाप भिन्न आहेत असे स्वतंत्रपणें उतरणारे दहा गुण धरिले, तर दहाही बाबतींत मूळ संकरासारखें राहणारें झाड १,०२४ झाडांत सरासरी एकच मिळेल. बाकीच्यांत कोठें ना कोठें फाटाफूट होणार. उलट गव्हासारख्या स्वतःच्याच परागानें फळणाऱ्या पिकाच्या सुधारित सरळ वाणाचें बीं, भेसळ न होऊं देतां राखिलें, तर तें आपल्या जातीवर कायम राहतें. कोणतें बीं राखावें व कोणतें दरसाल विकत घ्यावें, हें ज्यास कारणासह समजलें त्याचा पैसा वांचतो व मनांतील संशयही फिटतो.

दुसरा उपयोग बीं निवडण्याचा. मेंडेलनें दुसऱ्या पिढींतील गोल दाण्यांपासून ५६५ झाडें वाढविलीं. त्यांपैकीं १९३ झाडांवर फक्त गोल दाणे आले, व ३७२ झाडांवर दोन्ही प्रकारचे निघाले. म्हणजे दिसण्यांत सारखे असलेल्या दर तीन दाण्यांपैकीं दोन आंतून मिश्र होते. केवळ रूप पाहून बीं निवडणें किती अपुरें आहे हें यावरून कळतें. निवडलेल्या प्रत्येक झाडाचें बीं वेगळ्या ओळींत पेरून त्याची संतति कशी निघते तें पाहिल्याशिवाय त्याची जात शुद्ध म्हणतां येत नाहीं.

प्रौढ विद्यार्थ्याच्या अडचणी

आतां आपल्या तरुणांकडे वळूं. पंचविसाव्या वर्षीं पुनः अभ्यासास बसणारास चार अडचणी हटकून येतात.

पहिली लाजेची. आपल्याहून दहा वर्षांनीं लहान मुलांबरोबर बसावें लागतें. तिला उपाय एकच : पहिल्या दोनतीन महिन्यांत ती आपोआप मोडते, तोंपर्यंत धीर धरावा.

दुसरी गणिताची. शाळा सुटल्यावर अपूर्णांक, प्रमाण व बीजगणित यांवर गंज चढतो, आणि पुढील सर्व शास्त्र त्यावांचून अडतें. येथें घाई करूं नये. आठवी ते दहावीचीं गणिताचीं पुस्तकें घेऊन रोज एक तास उदाहरणें सोडवावीं, व तीं आपल्या शेताच्या हिशेबाशीं जोडावीं. गुंठ्याचें उत्पन्न एकरावर आणणें, खतांतील नत्राचें प्रमाण काढणें, फवारणीच्या औषधाचें पाण्याशीं प्रमाण बसविणें, हींच उदाहरणें होत.

तिसरी अडचण भाषेची. वरच्या वर्गांतील शास्त्रीय पुस्तकें बहुधा इंग्रजींत असतात. यासाठीं प्रथम विषय मराठींत समजून घ्यावा. मराठी विश्वकोश आज विनामूल्य वाचावयास मिळतो, व १९६६ सालीं स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद शास्त्रीय विषय मराठींत मांडण्याचें काम करीत आली आहे. कल्पना एकदां पक्की झाली म्हणजे इंग्रजी शब्द लवकर पाठ होतो; कल्पनेवांचून पाठ केलेला शब्द परीक्षेनंतर टिकत नाहीं.

चौथी व सर्वांत खरी अडचण वेळेची व पैशाची. शेत पडीत टाकून शिकावयास जा, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. परंतु आज घर न सोडतां शिकण्याचे मार्ग आहेत. ज्याची दहावी अगर बारावी अर्धवट राहिली आहे त्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांस बसतां येतें. तेथें वयाची वरची मर्यादा नाहीं व शास्त्राचे विषयही घेतां येतात. १९८९ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ शेतकी विषयांचे अभ्यासक्रम मराठींतून चालवितें. ज्यास पदवीचाच ध्यास आहे त्यानें बारावी शास्त्र शाखेची करून राहुरी, अकोला, परभणी अथवा दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या महाविद्यालयांकडे पाहावें. आणि ज्यास पदवी नको, फक्त प्रश्नांचीं उत्तरें हवींत, त्यानें आपल्या जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रांत जाऊन तेथील तज्ज्ञांशीं परिचय करून घ्यावा. नापास होण्यापूर्वीं मेंडेलला न मिळालेला मार्गदर्शक येथें मिळूं शकतो.

नोकरीसाठीं प्रमाणपत्राची गरज असते हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि ज्यास स्वतःची जमीनच कसावयाची आहे त्यानें प्रमाणपत्र मिळेल कीं नाहीं या विवंचनेंत आरंभच पुढें ढकलूं नये.

आरंभीं करावयाचा एक प्रयोग

पुस्तक वाचतां वाचतां हातानेंही कांहीं करावें, म्हणजे गोडी लागते. त्यासाठीं मेंडेलचाच प्रयोग रब्बींत अर्ध्या गुंठ्यांतही करून पाहतां येईल. सुरकुतलेल्या दाण्याचा आर्केल वाटाणा व गोल दाण्याचा साधा वाटाणा शेजारीं पेरावा. आर्केल लवकर फुलतो, म्हणून तो आठआठ दिवसांच्या अंतरानें दोनतीनदां पेरावा, म्हणजे दोन्हींचा फुलोरा जुळून येईल. आर्केल ही आई समजावी. तिची उमलण्याच्या बेतांत आलेली कळी हलकेच उघडून आंतील दहाही पुंकेसर पराग सुटण्यापूर्वीं बारीक चिमट्यानें काढावे, दुसऱ्या दिवशीं गोल जातीच्या ताज्या फुलाचा पराग मधल्या स्त्रीकेसराच्या टोंकास लावावा, कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी व देंठास रंगीत दोरा अडकवावा. त्या शेंगेंत सुकल्यावर गोल दाणे निघाले, तर संकर साधला असें समजावें. सुरकुतलेले निघाले तर पुंकेसर काढण्यास उशीर झाला होता.

हे गोल दाणे पुढील रब्बींत पेरावे व प्रत्येक झाडाच्या शेंगा सुकवून वेगळ्या मोजाव्या. मेंडेलला दर झाडामागें सरासरी सुमारें २९ दाणे मिळाले होते. वीस झाडें साधलीं तरी पांचसहाशें दाणे होतील. प्रत्येक झाडाचा आंकडा वहींत लिहावा, व शेवटीं बेरीज करून गोलांस सुरकुतलेल्यांनीं भागावें. एकेका झाडाचें प्रमाण कसें भरकटतें व बेरीज कशी तिनाच्या जवळ येते, हें स्वतःच्या वहींत एकदां पाहिलेला मनुष्य पुढें कोणत्याही जाहिरातींतील उत्पन्नाचा आंकडा वाचतांना, किती झाडांवरून व किती हंगामांवरून, असें विचारल्याशिवाय राहणार नाहीं.

वडील मंडळींस विनंति

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. विहीर, ट्रॅक्टर, ठिबकाच्या नळ्या यांवर आपण कर्ज काढूनही खर्च करितों. कारण त्यांचें फळ डोळ्यांस दिसतें. पंचविशींतला मुलगा अथवा सून रात्रीं दिव्यापाशीं बीजगणित घेऊन बसली तर तिला हंसूं नये. पिकाच्या ऐन घाईंत तिनें काम सोडावें असें कोणीं म्हणत नाहीं. परंतु पेरणी व कापणी यांच्यामधील मोकळे दिवस, रोजचा एक तास व वर्षाचीं चार पुस्तकें, एवढें तिच्या वांट्यास काढून ठेवावें. टेरेझियानें हुंड्यांतील भाग सोडला व नाप यांनीं नापास झालेल्या शिष्यावर पुनः पैसा घातला, तेव्हां त्या दोघांसही पुढचें कांहीं दिसत नव्हतें. आपल्या घरांतील अभ्यासांतून मेंडेल निपजेलच असें नाहीं. पण आपल्या शेताची नोंद ठेवणारा, मोजून बोलणारा व कारण विचारणारा एक शेतकरी निपजेल, आणि त्याची किंमत चांगल्या विहिरीहून कमी नाहीं.